आज्ञा वाचताना बोट कुठं ठेवायचं?

बळदातला_उंदीर (उदगीर) · शनिवार, रात्री ११.४०

राम राम मंडळी. भाचीसाठी एक खेळ करायलोय. चित्रं-बित्रं काही नाहीत, नुसता मजकूर. आजोळच्या जुन्या वाड्यात ती अडकलीय. ओसरी, माडी, न्हाणी, देवळी, आड असं हुडकत हुडकत बळदात उतरायचं आणि तिथून बाहेरची वाट काढायची. (बळद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घरातच धान्य साठवायची अंधारी खोली. लहानपणी मला त्यात कोंडायची धमकी मिळायची, म्हणून हे नाव.) आज्ञा मराठीतूनच टाईप करायच्या. जा माडी, बघ देवळी, घे कंदील. पायथनमध्ये लिहिलंय.

इथवर मजेत चाललं होतं. ओळ स्पेसवर तोडायची. पहिला तुकडा क्रियापद, दुसरा वस्तू, संपला विषय. मग भाचीनं लिहिलं:

दे आजी "बळदाची किल्ली" ३

म्हणजे आजीला बळदाच्या तीन किल्ल्या दे. स्पेसवर तोडलं तर पाच तुकडे पडतात आणि त्यातले दोन अर्धवट अवतरणचिन्ह घेऊन फिरतात. मग ते परत जोडा, जोडताना मधे एक स्पेस होती का दोन ते आठवा, तिसराच तुकडा आकडा आहे का बघा. निस्तरता निस्तरता फंक्शन दीडशे ओळींचं झालं आणि तरी 'घे' म्हटलं की पडायलंय.

कुणीतरी सांगितलं की मायनक्राफ्ट या खेळात ओळ तोडतच नाहीत, कर्सर ठेवून वाचतात. ते नेमकं कसं? आणि देवनागरीत चालतं का?

---

हुरडापार्टी (परभणी) · रात्री ११.५२

रेजेक्स (मजकुराचा साचा देऊन शोधायची पद्धत) मार ना भाऊ. दोन मिनिटांचं काम.

---

बळदातला_उंदीर · रात्री ११.५५

मारलं. दोन दिवस गेले.

---

गोदाकाठ (नांदेड, सध्या पुणे) · रविवार, सकाळी ७.२०

उंदीरराव, बरोबर ठिकाणी आलात. मी जावावाला माणूस आहे आणि हा वाचक मी उघडून पाहिलाय.

मायनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगनं २०१८ मध्ये त्यांचं आज्ञा वाचायचं यंत्र 'ब्रिगेडियर' नावानं गिटहबवर मोकळं केलं, एमआयटी परवान्याखाली. त्याच वर्षी जुलैत आलेल्या मायनक्राफ्ट १.१३ (जावा आवृत्ती) पासून खेळातल्या सगळ्या आज्ञा त्यातून जातात. त्याच्या आधी तिथंही तुमच्यासारखंच चालायचं. स्पेसवर तोडा आणि तुकड्यांची यादी हातात घ्या. म्हणजे तुम्ही चुकलात ते मोठ्या घराण्याच्या वाटेनंच चुकलात.

त्या यंत्रात अगदी तळाशी 'स्ट्रिंगरीडर' नावाचा छोटासा वर्ग (कोडमधला क्लास) आहे. त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात: आख्खी ओळ आणि एक आकडा. ओळ कधीच बदलत नाही, बदलतो तो फक्त आकडा. तोच कर्सर. पोथी वाचताना आजी ओळीवर बोट ठेवायची ना, ते बोट समजा.

त्या बोटाला मोजकीच कामं येतात. पुढं काही शिल्लक आहे का ते सांगणं. बोट न हलवता पुढचं अक्षर बघणं (मी याला 'डोकाव' म्हणतो). अक्षर घेऊन एक घर पुढं सरकणं ('उचल'). न घेताच सरकणं ('ओलांड'). बाकीची कामं, म्हणजे पूर्णांक वाच, शब्द वाच, अवतरणातला मजकूर वाच, 'खरं का खोटं' वाच, ही सगळी यांच्यावरच रचलेली आहेत.

तुमचीच ओळ घेऊ. बोट म्हणून उभी रेघ दाखवतो. बोट अक्षरावर नसतं, दोन अक्षरांमधल्या फटीत असतं, हे आधी डोक्यात बसवा.

|दे आजी "बळदाची किल्ली" ३

क्रियापद वाचणाऱ्याला बोट दिलं. त्यानं शब्द वाचला आणि स्पेस दिसताच थांबला.

दे| आजी "बळदाची किल्ली" ३

मधली स्पेस ओलांडली. आता पात्र वाचणाऱ्याची पाळी. त्यानं 'आजी' उचलली.

दे आजी| "बळदाची किल्ली" ३

परत स्पेस ओलांडली. वस्तू वाचणारा डोकावला तर समोर अवतरणचिन्ह. म्हणजे हा साधा शब्द नाही. चिन्ह ओलांडलं आणि तसंच चिन्ह परत दिसेपर्यंत एकेक अक्षर गोळा करत गेला. मधली स्पेस त्याच्या लेखी साधं अक्षर, तिला वेगळा मान नाही.

दे आजी "बळदाची किल्ली"| ३

शेवटी आकडा. जोडायचं काहीच नाही, कारण तोडलंच नव्हतं.

फरक कुठं पडतो बघा. तोडणारा माणूस ओळीत काय लिहिलंय हे कळायच्या आधीच कात्री चालवतो. स्पेस म्हणजे हद्द का मजकूर, हे ती स्पेस कुणाच्या रानात आहे त्यावर ठरतं, आणि तोडणाऱ्याला रान कुणाचं तेच माहीत नसतं. बोटवाल्या पद्धतीत ज्याचं रान तो वाचतो, आपल्या बांधापर्यंत जातो आणि बोट पुढच्याच्या हातात देतो.

---

खडू_डस्टर (अंबाजोगाई, सेवानिवृत्त) · सकाळी ८.०५

संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण 'बोट' हा शब्द आवडला. पहिलीच्या वर्गात पोरांना बोट ठेवून वाचायला लावायचो. बोट उचललं की ओळ हरवते.

आमच्या गावच्या दासोपंतांची पासोडी ऐकून असाल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ. ती तुकडे करून वाचायची म्हटली तर कापड फाटेल! विषयांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

---

सेमीकोलन (छ. संभाजीनगर) · सकाळी ९.३०

गुरुजी, विषयांतर नाही, उदाहरण चोख आहे.

मी टेस्टिंगमध्ये आहे त्यामुळे पहिला प्रश्न तोच. वाचणारा मधेच फसला तर बोट कुठं राहतं?

---

गोदाकाठ · सकाळी १०.१५

सेमीकोलनताईंनी नस पकडली. सगळी गंमत इथंच आहे.

पूर्णांक वाचणारा काय करतो: सुरुवातीला आपण कुठं उभे होतो ते लिहून ठेवतो. मग आकड्यात चालणारी अक्षरं दिसतील तोवर सरकतो. ती फक्त बारा आहेत, ० ते ९ (इंग्रजी), टिंब आणि वजाचं चिन्ह. थांबल्यावर मधला भाग कापून घेतो. काहीच मिळालं नाही तर 'इथं पूर्णांक हवा होता' म्हणून ओरडतो. मिळालं पण आकडा होईना, समजा '५-३' किंवा '१.२.३' आलं, तर बोट सुरुवातीच्या जागी परत ठेवतो आणि मग ओरडतो.

परत ठेवायचं कारण असं की चुकीच्या संदेशात जागा दाखवायची असते. ब्रिगेडियरला चुकीची आज्ञा दिली की तो एक ओळ परत देतो, तिच्यात बोटाच्या मागची दहा अक्षरं असतात आणि पुढं 'इथं' असा बाण. तो बाण म्हणजे बोटाचीच जागा. वेगळा हिशेब काही ठेवावा लागत नाही. तोडलेल्या तुकड्यांत 'चौथा तुकडा चुकला' एवढंच सांगता येतं, आणि चौथा कुठला ते खेळणाऱ्यानं मोजत बसायचं.

दुसरी सोय. 'जा' नंतर दिशा येईल का खोली, हे आधी माहीत नसतं. अशा वेळी ब्रिगेडियर प्रत्येक पर्यायाला बोटाची नक्कल देतो. ओळ तीच, आकडा वेगळा. एकजण फसला तर त्याची नक्कल टाकून द्यायची, मूळ बोट जागच्या जागी.

मात्र एक सांगतो. '१२अबक' दिलं तर पूर्णांक वाचणारा तक्रार करत नाही. तो १२ घेतो आणि 'अ' च्या आधी थांबतो. त्याचं काम झालं. तक्रार त्याच्या वरचा करतो: 'एक गोष्ट वाचून झाली, मग स्पेस का नाही?' कुणाची तक्रार कुणी करायची हे ठरलेलं असलं की कोड छोटा राहतो.

---

हुरडापार्टी · सकाळी ११.०२

थांबा थांबा. माझं जुनं भूत निघालं हे!!

आमचा पोरांचा मायनक्राफ्टचा छोटा सर्वर आहे. मागं मी टीम बनवायला गेलो, नाव टाकलं 'परभणी'. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, दुसरं नाव कामून ठेवावं? तर ते म्हणतंय की स्पेस अपेक्षित होती, पुढं भलताच मजकूर सापडला. मी म्हटलं बाबा मी तर एकच शब्द लिहिलाय, स्पेस कुठं घालू? प.र.भ.णी घालू का? शेवटी इंग्रजीत नाव टाकलं. दाखवायचं नाव तेवढं देवनागरीत घेतलं त्यानं.

हे त्याच्यामुळंच का?

---

गोदाकाठ · सकाळी ११.३०

त्याच्यामुळंच. उलगडून सांगतो, कारण चूक एका ठिकाणी आणि संदेश दुसऱ्याच ठिकाणचा, असं झालंय.

अवतरणाशिवायच्या शब्दात काय चालतं याची त्या वर्गात यादी आहे: इंग्रजी छोटी-मोठी अक्षरं, इंग्रजी आकडे, आणि चार चिन्हं (अधोरेघ, वजा, टिंब, अधिक). 'प' त्या यादीत नाही. मग शब्द वाचणारा पहिल्याच अक्षराला थांबला आणि त्यानं शून्य अक्षरांचा शब्द परत दिला. त्याच्या मते काम झालं! वरच्यानं बघितलं की शब्द 'संपला' पण समोर स्पेस नाही, 'प' उभा आहे. म्हणून स्पेसची तक्रार.

अवतरणात देवनागरी चालते, कारण तिथं यादी नाही, बंद करणारं चिन्ह येईपर्यंत जे येईल ते घेतो. पण टीमच्या नावाला अवतरणच घेत नाहीत, तिथं साधा शब्दच लागतो. दाखवायचं नाव वेगळ्या वाटेनं वाचलं जातं.

---

हुरडापार्टी · सकाळी ११.३४

म्हणजे परभणी रिकामी वाचली त्यानं. बनी तो बनी, नहीं तो परभणी 😤

---

बळदातला_उंदीर · दुपारी ४.४५

जेवून बसलो ते आत्ता उठलोय. आईनं धपाटे आणि दही असं ताट ठेवलं होतं, ते कीबोर्डशेजारीच संपवलं.

जुनं सगळं फेकलं, बोटवाला वाचक लिहिला. साठ ओळी भरल्या. गोदाकाठदादांनी सांगितलेल्या चार कामांना मी मराठीच नावं दिली: शिल्लक, डोकाव, उचल, ओलांड. पायथनला काही वावडं नाही.

आणि पहिल्याच आज्ञेला तोंडावर पडलो. लिहिलं 'बघ किल्ली'. उत्तर आलं: 'क' नावाची वस्तू इथं नाही. स्पेस हवी होती, सापडलं ' ि'. एका गोल ठिपक्यांच्या वर्तुळाला वेलांटी लटकलेली!

शब्द वाचताना मी अट टाकलीय की अक्षर असेल तोवर सरक. 'हे अक्षर आहे का' विचारायचं पायथनचं तयार फंक्शन वापरलंय. क अक्षर आहे म्हणतं, वेलांटी नाही म्हणतं. कामून?

---

खिळे_जुळारी (बीड, डीटीपी) · संध्याकाळी ५.२०

हे माझ्या धंद्यातलं आहे, मी सांगतो.

तुम्हाला 'किल्ली' दोन अक्षरं दिसते. युनिकोडला (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) ती सहा दिसते: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, दुसरी वेलांटी. देवनागरीचा खण ०९०० ते ०९७एफ असा आहे आणि त्यात व्यंजनं 'अक्षर' या वर्गात, पण काना-मात्रा-वेलांटी-हलन्त 'खूण' या वर्गात टाकलेत. तुमचं फंक्शन फक्त अक्षर वर्गाला हो म्हणतं. पायथनच्या रेजेक्समधलं 'शब्दातलं अक्षर' पण तसंच वागतं. तुमचे ते दोन दिवस तिथंच गेले असतील.

आमच्याकडं छपाईत उलटी बोंब असते. गिऱ्हाईक म्हणतं दोन अक्षरांचं नाव आहे, दोनाचेच पैसे घ्या.

---

बळदातला_उंदीर · संध्याकाळी ५.२६

तिथंच गेले 🙏 कपाळ.

---

गोदाकाठ · संध्याकाळी ६.१०

यावर साधा उपाय: काय चालतं याची यादी करू नका, काय थांबवतं याची करा. तुमच्या खेळात शब्दाला थांबवणाऱ्या गोष्टी तीनच, स्पेस, अवतरणचिन्ह आणि ओळीचा शेवट. बाकी जे येईल ते शब्दात.

मायनक्राफ्टवाल्यांना हे परवडत नाही, कारण त्यांच्याकडं एका शब्दाला लागूनच चिन्हं येतात. 'कुठल्याही तीन गाई' निवडायच्या तर चौकटी कंसात प्रकार=गाय, मर्यादा=३ असं सलग लिहितात. तिथं शब्द बरोबरच्या (=) चिन्हापाशी थांबलाच पाहिजे. कंस वाचणारा वेगळा, पण बोट तेच. तो कंस बंद होईपर्यंत वाचतो आणि बोट परत देतो.

त्यांनाही स्वतःची यादी एका ठिकाणी नडलीय. '१ ते ५' ही मर्यादा तिथं १..५ अशी लिहितात. टिंब तर आकड्याच्या बारा अक्षरांत आहे! साधा पूर्णांक वाचणारा '१..५' आख्खं गिळतो आणि फसतो. म्हणून मर्यादा वाचायला त्यांनी वेगळी अट लिहिली: टिंब दिसलं तर आणखी एक घर पुढं डोकाव, तिथंही टिंब असेल तर थांब. डोकावणं एका घरापुरतंच नसतं, ते हे असं.

---

सेमीकोलन · रात्री ९.१५

उंदीर, कोड टाकलास तो मी चालवून पाहिला. सासूबाईंची मालिका संपेपर्यंत एवढं सापडलं:

'३' चालतो, '3' चालतो, हे छान. पण '१2' पण चालतो आणि बारा होतात. पायथनचं आकडा करणारं फंक्शन देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळून दिले तरी घेतं. चालू द्यायचं का ते तू ठरव. मी चालू दिलं असतं, लहान मूल आहे.

'²' (वर्गाचा छोटा दोन) दिला तर प्रोग्रॅम सरळ कोसळतो. तू 'अंक आहे का' विचारलंस, त्यानं हो म्हटलं. मग आकडा करायला गेलास तर नाही म्हटलं. 'दशमान अंक आहे का' असं वेगळं फंक्शन आहे, ते वापर. आणि फसल्यावर बोट मागं ठेवायला विसरलायस, गोदाकाठांनी ठळक करून सांगितलं होतं.

आता मोठं. शेवटचं अवतरण विसरलं तर:

दे आजी "बळदाची किल्ली ३

संदेश येतो: '...ी किल्ली ३ ← इथं अवतरण बंद करायचं राहिलं'. यात दोन भानगडी. एक, मागची दहा अक्षरं दाखवतोस ती 'बळदाची' च्या च वर कात्री चालवून. नुसती वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलीय. दोन, बाण ओळीच्या शेवटी आहे. पोरीला शेवटी काय दिसणार? तिथं तर काही चुकलेलंच नाही.

---

गोदाकाठ · रात्री ९.४०

पहिल्यावर: दहा घरं मागं गेल्यावर समोर खूण असेल तर आणखी मागं सरका, व्यंजन येईपर्यंत. आणि त्याच्याही मागं हलन्त असेल तर परत मागं, नाहीतर जोडाक्षर फाटेल. ब्रिगेडियर हे करत नाही, तो सरळ दहा मोजतो. त्यांच्या देवनागरी संदेशातही हेच वर्तुळ दिसेल.

दुसऱ्यावर माझं मत वेगळं आहे. ब्रिगेडियर बाण शेवटीच ठेवतो आणि ते बरोबर आहे. वाचक खरंच तिथपर्यंत गेला, तिथं त्याला चिन्ह हवं होतं. शिवाय मायनक्राफ्टमध्ये टाईप करता करताच सूचना येतात, आणि लिहिणारा त्या क्षणी शेवटीच असतो.

---

सेमीकोलन · रात्री ९.५२

वाचक कुठं गेला याच्याशी पोरीला काय घेणं? तिनं चूक केली उघडणाऱ्या चिन्हापाशी, किंवा 'किल्ली' नंतर. सुरुवातीच्या चिन्हावर बाण दाखवला तर निदान 'हे कुठं बंद करायचं' असा विचार तरी करेल. आणि उंदराच्या खेळात टाईप करताना सूचना नाहीतच, एंटर मारल्यावरच सगळं कळतं.

---

गोदाकाठ · रात्री १०.०१

एंटरचा मुद्दा मान्य. त्या खेळात सुरुवातीलाच दाखवा. मूळ वाचकाबद्दलचं माझं मत मात्र कायम 🙂

---

खडू_डस्टर · सोमवार, सकाळी ६.५०

मुलाच्या वहीत शेवटी लाल रेघ मारली तर त्याला कळत नाही. जिथून चुकायला सुरुवात झाली तिथं गोल करावा लागतो. माझं मत सेमीकोलन यांच्या बाजूनं धरावं.

---

खिळे_जुळारी · सकाळी १०.३०

आणखी एक, ते तुम्हाला आज ना उद्या भेटणारच. 'कुऱ्हाड' लिहून बघा, वेगवेगळ्या मोबाइलवर. आपला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. मशीनला दोन वेगळे शब्द. नॉर्मलाइझ करायचं (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकसारखं करायचं) फंक्शन वापरलं तरी हे दोन एक होत नाहीत, आम्ही हात पोळून घेतलेत. बोटानं शब्द नीट वाचला तरी वस्तूंच्या यादीत कुऱ्हाड सापडणार नाही. वाचून झाल्यावर एकाचं दुसऱ्यात रूपांतर स्वतःच करा.

पण ओळीतच बदल करू नका हां. उचललेल्या शब्दात करा. ओळ बदलली तर बोटाचे आकडे सगळे सरकतील आणि बाण भलतीकडंच दाखवेल.

---

गोदाकाठ · सकाळी १०.४४

क्या बात है. शेवटची दोन वाक्यं मी ऑफिसात भिंतीवर लावणार आहे.

---

बळदातला_उंदीर · मंगळवार, रात्री १०.२०

उशीर झाला, काल सोयाबीनच्या मळणीला गेलो होतो आणि संध्याकाळी लाईट गेलेली.

सगळं घातलं. थांबवणाऱ्यांची यादी, दशमान अंक, फसल्यावर बोट मागं, वर्तुळवाली वेलांटी गेली, कुऱ्हाडीचे दोन्ही र एक झाले. बंद न केलेल्या अवतरणाला बाण सुरुवातीलाच. (दादा, माफी. दोन विरुद्ध एक.)

भाचीकडं ताईच्या मोबाइलवर पाठवलं. पाच मिनिटांत फोन. 'मामा, किल्ली घेईना.' मी म्हटलं अवतरणात लिहिलं का, ती म्हणे लिहिलंय. फोटो मागवला. मोबाइलच्या कीबोर्डनं अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवलीत, उघडताना एक वळण, बंद करताना उलटं. माझा वाचक म्हणतो की ज्यानं उघडलं तेच चिन्ह बंद करायला हवं. ते कधीच येईना. आता जोड्यांची यादी केलीय: हे उघडलं तर ते बंद. सरळवाल्याची जोडी तो स्वतःच.

ते झालं, आता चालतंय. आजीला किल्ली दिली, आजीनं बळद उघडलं, खाली उतरली, कंदील लावला.

---

सेमीकोलन · रात्री १०.३१

वाकडी चिन्हं माझ्या लक्षात यायला हवी होती. फोनवर तपासायचं राहूनच गेलं. खेळ कधी देतोस सगळ्यांना?

---

बळदातला_उंदीर · बुधवार, सकाळी ७.०५

देतो, पण थांबा. सकाळी उठून बघतो तर भाचीचा मेसेज. तिच्याजवळ ९७ किल्ल्या आहेत.

मी म्हटलं वाड्यात मुळात किल्ल्याच तीन! विचारलं काय केलंस. तिनं लिहिलं होतं:

दे आजी "बळदाची किल्ली" -९४

आजीकडं आता उणे ९४ किल्ल्या आहेत. आणि ती म्हणायलीय, मामा, भाकरी पण अशाच करू का?

---

हुरडापार्टी · सकाळी ७.०९

पोरगी परभणीला पाठवा. सर्वरवर घेतो तिला.

---

गोदाकाठ · सकाळी ८.३०

वाचकाला हात लावू नका, त्याची चूक नाही. -९४ हा पूर्णांकच आहे, त्यानं बरोबर वाचला. ब्रिगेडियरमध्ये किमान आणि कमाल ही त्या त्या आज्ञेच्या आकड्याला लावतात. वाचून झाला, किमानपेक्षा कमी निघाला, तर बोट आकड्याच्या सुरुवातीला ठेवून ओरडायचं. 'दे' ला किमान १ लावा. 'घे' ला पण लावा, नाहीतर आज दुपारी तिकडून येईल.

---

बळदातला_उंदीर · सकाळी ८.४१

आली. 'घे आजी -५०'. आता आजी पण पिशवीत आहे.